बोट नसली तरी चालेल: सेलिंग क्लबातला पहिला मोसम, गेटवेपासून खांदेरीपर्यंत

गेटवेच्या कठड्याला टेकलं की समोर शिडं गुंडाळून डोलणाऱ्या बोटी दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, या सगळ्या कुणातरी शेठजींच्या. काही आहेतही. पण रविवारी सकाळी त्यांच्यावर चढणाऱ्यांत स्वतःची बोट असलेले थोडेच असतात. बाकीचे माझ्यासारखे. इतकी वर्षं क्लबात काढून माझ्या मालकीचं एक लाइफ जॅकेट, एक घडीचा चाकू आणि एका कूलबॉक्समध्ये अर्धी भागीदारी, एवढंच आहे. तरी मोसमात एकही रविवार घरी जात नाही.

क्लबात शिरायचं कसं, शर्यतीच्या बोटीवरून हळूहळू सफरीच्या बोटीवर कसं यायचं आणि खाडीपलीकडच्या, अलिबागजवळच्या मांडव्याची पहिली सफर आपण स्वतः कशी आखायची, हे नव्या मंडळींना दरवर्षी तोंडी सांगतो. या वर्षी लिहून काढलं. सगळं मुंबई बंदराच्या हिशेबाने आहे, कारण मला तेच पाणी ठाऊक आहे.

आधी कार्यालयात, मग पाण्यावर

मुंबईतला सगळ्यात जुना क्लब म्हणजे १८४६ साली स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब. त्याखेरीज शिडाची बोट शिकवणारे लहान क्लब आणि प्रशिक्षण केंद्रंही आहेत. मोठ्या क्लबात पूर्ण सभासदत्व म्हणजे प्रस्तावक, अनुमोदक आणि भरपूर वाट बघणं. त्याने हिरमुसून जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी शिकाऊ वर्ग बाहेरच्यांनाही खुले असतात आणि वर्ग संपल्यावर ‘क्रू’, म्हणजे बोटीवरचा कामाचा गडी, म्हणून बोलावणं येतं. आत शिरायची ती सोपी वाट.

कमोडोर म्हणजे कुणी नौदल अधिकारी नव्हे, क्लबाचा अध्यक्ष. तुमचं काम त्यांच्याकडे नसतं. तुम्हाला गाठायचंय ते सेलिंग सेक्रेटरीला. त्यांना तीनच गोष्टी विचारा. सभासदांनी घेऊन जाण्यासारख्या क्लबाच्या स्वतःच्या बोटी किती आहेत? सफरी कोण काढतं? आणि पावसाळ्यात इथे काय चालतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर तो क्लब नसून पार्किंगची जागा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

परदेशात असाल तर उलट सोपं. इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी क्लबांत उन्हाळ्यात आठवड्यातल्या एका संध्याकाळी हलक्याफुलक्या शर्यती असतात आणि तिथे बोटी जास्त, हात कमी. लाइफ जॅकेट घेऊन धक्क्यावर वेळेत उभं राहिलं की कुणीतरी हाक मारतंच.

पहिले सहा रविवार

सफरीला नेण्याआधी तुम्हाला शर्यतीत बघितलं जातं. तिथे तुमच्या कौशल्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. पंचवीस फुटांच्या जागेत या माणसाबरोबर आठ तास काढता येतील का, एवढंच बघतात.

सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. बोटी धक्क्याला नसतात, बॉयला, म्हणजे पाण्यात साखळीने बांधलेल्या तरंगत्या खुणेला, बांधलेल्या असतात. टेंडर, म्हणजे ने-आण करणारी छोटी होडी, एकदा सुटली की उशिरा आलेल्यासाठी परत येत नाही. टेंडरमधून बोटीवर चढताना दोन्ही होड्या एका लाटेवर येईपर्यंत थांबा. टेंडरच्या काठावर पाय ठेवू नका, मधोमध ठेवा. वर असलेला तांडेल, म्हणजे बोट सांभाळणारा खलाशी, तुमचा पंजा धरणार नाही, मनगटाच्या वर धरेल. तुम्हीही त्याचं मनगट धरा. ओल्या हातांचे पंजे सुटतात, मनगटं सुटत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी मी गेटवेच्या पाण्याची चव घेतली. ती पुन्हा घेण्यासारखी नाही.

पगारी तांडेल असेल तर त्याला ‘तुम्ही’ म्हणा. क्लबात दोन भाषा चालतात. सभासद मेन (मोठं शीड), जिब (पुढचं छोटं शीड), शीट (शिडाचा दोर), टिलर (सुकाणूचा दांडा) म्हणतात, तर तांडेल शीड, डोलकाठी, नाळ (बोटीचं पुढचं टोक), सुकाणू. दोन्ही शिका. वारा वाढला की इंग्रजी ओरडा कुणाला ऐकू जात नाही, ‘ढील दे!’ मात्र बरोबर ऐकू जातं.

पहिल्या दिवशी तुमच्या हाती जिबचा दोर येईल. काम सोपं: ‘टॅक’, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवणं, असं म्हटलं की एका बाजूचा सोडा, दुसऱ्या बाजूचा ओढा. दोर मुठीत गुंडाळून घेऊ नका, बोटं जातात. बूमच्या, म्हणजे मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, उंचीवर डोकं ठेवू नका. आणि आपल्याला काय कळत नाही ते मोठ्याने सांगा. ‘हो हो’ म्हणणारा नवखा हा बोटीवरचा सगळ्यात धोकादायक इसम.

घरी दोन गाठी पक्क्या करा, बोलाईन (न सरकणारा फासा) आणि क्लीटवरची, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीवरची, गाठ. डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन जमली पाहिजेत. टीव्हीसमोर बसून आठवड्याभरात जमतात.

बोलावणं ठरतं ते शर्यत संपल्यावर. बोट बॉयला लागली की पाहुणे टेंडरची वाट बघत फोन काढतात. तेव्हा शीड घडी करायला जो पुढे होतो, गोड्या पाण्याची बादली मागतो, दोर गुंडाळून टांगतो, त्याचं नाव लक्षात राहतं.

शर्यतीनंतरचं टेबल

क्लबाचं सामाजिक आयुष्य म्हटलं की लोकांना ब्लेझर घातलेले आजोबा आठवतात. तेही आहेत. पण खरा क्लब भरतो शर्यतीनंतर, ओल्या कपड्यांत, चहा किंवा बिअरच्या टेबलावर. दोघे जण अर्धा तास एका बॉयवरून भांडतात. ‘मला जागा द्यायला हवी होती’, ‘तू वेळेत मागितली नाहीस’. मग मीठ-मिरीच्या डब्यांच्या बोटी होतात, बिस्किटाचा पुडा बॉय होतो. इथे गप्प बसून ऐका. शर्यतीचे नियम पुस्तकापेक्षा या डब्यांतून लवकर कळतात.

क्लबात ओळख वाढवायचा माझ्या माहितीतला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कमिटी बोटीवरची, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या बोटीवरची, ड्यूटी मागून घेणं. कुणालाच ती नको असते. झेंडा वर, शिट्टी, घड्याळ आणि तीन तास उन्हात नोंदी. पण त्या तीन तासांत प्रत्येक बोट, तिचा कप्तान, त्याचा स्वभाव आणि त्याची तोंडची भाषा, सगळं कळतं. कोणाबरोबर सफरीला जायचं नाही हेही तिथेच ठरतं.

घरच्यांना पहिल्याच दिवशी बोटीवर नेऊ नका. आधी जेवणाला आणा, मुलांना ऑप्टिमिस्टच्या, म्हणजे मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीच्या, वर्गाला घाला, मग बघा. नवराबायको दोघंही सेलिंग करत असतील तर पहिल्या सफरीला वेगवेगळ्या बोटींवर बसावं, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. सुकाणूवर बसला की भल्याभल्या सौम्य माणसाचा आवाज चढतो. तो परक्यावर चढलेला परवडतो.

मांडव्याची सफर: आधी पंचांग

गेटवे ते मांडवा सरळ रेघेत साधारण आठ सागरी मैल. फेरी तासाभरात नेते. शिडाची बोट जाताना दोन-अडीच तास घेते आणि येताना तीन-साडेतीन. हा फरक का पडतो ते कळलं की अर्धी सफर आखून झाली.

शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे वाचलेले आठवतात? परीक्षेनंतर ते पहिल्यांदा उपयोगी पडतात ते इथे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी जमिनीवरून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून, मतलई वारा असतो. दहा-साडेदहाला तो मरतो. मग तास-दीड तास पाणी आरशासारखं. दुपारी बारा-एकला वायव्येकडून खारा वारा भरायला लागतो, तीन ते पाच सगळ्यात जोरात, सूर्यास्तानंतर पुन्हा पडतो. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. म्हणजे सकाळी वारा डाव्या कुशीवर, बोट आनंदात धावते. परतताना मात्र गेटवे जवळजवळ वाऱ्याच्या तोंडात. सरळ जाताच येत नाही, नागमोडी जावं लागतं. आठ मैलांचे बारा होतात.

आता भरती-ओहोटी. मुंबईत दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीचं पाणी बंदरात ईशान्येकडे शिरतं, ओहोटीचं नैऋत्येला, उघड्या समुद्राकडे निघतं. किनाऱ्यावरची माणसं वेळ तिथीवरून काढतात: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी छापील भरतीचं कोष्टक बघायचंच. पण कोणता रविवार घ्यावा हे ठरवायला पाऊणपट पुरे.

आपल्याला काय हवंय? सकाळी आठ-साडेआठला भरती पुरी, मग ओहोटीबरोबर बाहेर, दुपारी अडीचला ओहोटी संपलेली आणि भरतीबरोबर आत. सव्वाआठला पाऊणपटीने भागा, अकरा. म्हणजे मांडव्याला जायची तिथी एकादशी! शुद्ध असो की वद्य. द्वादशीही चालते. शिवाय अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, नुकताच सरलेला असतो, त्यामुळे पाण्याला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओढ नसते. आमच्या क्लबात याला ‘साबुदाण्याची सफर’ म्हणतात, कारण डब्यात निम्म्यांची खिचडी असते.

उलट तृतीया-चतुर्थीचा रविवार नव्यांनी टाळावा. सकाळी भरती तोंडावर येते आणि संध्याकाळी, वारा नाकासमोर असताना, ओहोटी तुम्हाला प्रॉन्ग्जच्या दीपस्तंभाकडे, म्हणजे समुद्रात, ओढत राहते. कुलाब्याच्या टोकाचा तो दीपस्तंभ लांबून सुंदर दिसतो. संध्याकाळी सात वाजता डिझेल संपत आलेलं असताना जवळून तसा वाटत नाही.

शुक्रवारची बैठक

सफर ज्याने आखली त्याने शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना अर्धा तास बसवायचं. व्हॉट्सॲपवर हे होत नाही, करून पाहिलंय.

कोण कोणत्या बोटीवर ते ठरवा. प्रत्येक बोटीवर सुकाणू आणि इंजिन दोन्ही सांभाळणारी किमान दोन माणसं हवीत. कप्तानच पाण्यात पडला तर बोट परत वळवणार कोण? हा प्रश्न तिथेच, सगळ्यांसमोर विचारा. उत्तर म्हणून कुणाचं तरी नाव आलं पाहिजे.

सगळ्यात हळू बोट ठरवते ताफ्याचा वेग. वेगवान बोटवाल्याला हे आवडत नाही. त्याला मागे राहायचं काम द्या.

रेडिओचं १६ नंबरचं चॅनल संकटासाठी आणि हाकेसाठी, त्यावर गप्पा नाहीत. आपसातल्या बोलण्याला दुसरं चॅनल ठरवा, दर तासाला एकदा हजेरी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये. फोन पाणीबंद पिशवीत.

ओळखपत्र प्रत्येकाकडे, बोटीची नोंदणी आणि विम्याची कागदपत्रं बोटीवर. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर याच पाण्यातून कुलाब्याला उतरले. तेव्हापासून गस्तीच्या बोटीने थांबवलं तर कागद दाखवायचे, हसून बोलायचं आणि शीड उतरवायला सांगितलं तर उतरवायचं. वाद घालणाऱ्याचा रविवार तिथेच जातो. नौदलाच्या गोदीजवळ, बुचर बेटाच्या तेलधक्क्याजवळ, तुर्भ्याच्या अणुकेंद्राच्या बाजूला फिरकायचं नाही, फोटोही नाही.

लाइफ जॅकेट अंगावर, पिशवीत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या फेरीबोटीला दिवसाउजेडी, शांत पाण्यात अपघात झाला, त्यानंतर हे कुणाला पटवावं लागत नाही.

खर्च: डिझेल, बर्फ, तांडेलांचं जेवण आणि बक्षिसी सगळ्यांत समान. मोडतोड झाली तर काय, हेही आताच बोला. हिशेब त्याच संध्याकाळी यूपीआयने मिटवायचा. सोमवारवर गेला की कडू होतो.

आणि एक विषय जो कुणी काढत नाही: शौचालय. लहान बोटीवर ते नसतं किंवा असून वापरण्यासारखं नसतं. बादली, पडदा आणि ‘सगळ्यांनी पुढे बघा’ एवढीच सोय. हे स्त्रियांना आधी, मोकळेपणी सांगा. न सांगितल्याने लोक पाणी पीत नाहीत आणि दुपारी उन्हाने चक्कर येते. ती चक्कर बोट लागल्याची समजून आम्ही एकदा एकीला आलेपाक खाऊ घालत बसलो होतो.

बोट लागणाऱ्यांसाठी: उलटीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि आधी एकदा घरी घेऊन पाहा, किती झोप येते ते कळेल. बोटीवर क्षितिजाकडे बघत बसा, खाली केबिनमध्ये जाऊ नका, सुकाणू हातात घ्या. सुकाणू धरणाऱ्याला सहसा मळमळत नाही.

डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. चिवडा नको. पहिल्या झुळकीला तो शेजारच्या बोटीत जातो.

त्या दिवशी

सात वाजता टेंडर, पाऊण तासात शिडं चढवून आठला सुटायचं. क्लबाच्या नोंदवहीत बोटीचं नाव, माणसं, कुठे, परतीची वेळ लिहा. वहीतली परतीची वेळ टळली की कुणीतरी शोध घेणार, हेच तिचं काम.

ओहोटी तुम्हाला हळूच उजवीकडे, समुद्राकडे ढकलत असते. म्हणून बोटीचं नाक मांडव्याच्या जरा पूर्वेला धरा. वाटेत मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडायचा आहे. शिडाच्या बोटीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची, हा नियम नव्यांना पाठ असतो. अरुंद जलमार्गात तो उलटतो, हे नसतं. तिथे जे मोठं जहाज मार्ग सोडूच शकत नाही, त्याला आपणच अडवायचं नाही. जहाज हळू दिसतं, तसं नसतं. आपल्या कठड्याचा एक खांब आणि जहाज एका रेषेत आणा. दोन मिनिटांनी ते खांबाच्या पुढे किंवा मागे सरकलं तर ठीक. तिथेच राहून नुसतं मोठं होत गेलं तर धडक ठरलेली. लगेच, ठळकपणे, त्याच्या मागून जायला वळा. पाच तोकडे भोंगे ऐकू आले तर त्याचा अर्थ ‘तुझं काय चाललंय ते मला कळत नाही’. तो सलाम नाही.

साडेदहाला, वारा पडायच्या आत, मांडव्यापुढे आलं पाहिजे. जेट्टीच्या तोंडाशी नांगर टाकू नका. फेऱ्या आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून येणारी रो-रो बोट यांची ती वाट आहे. बाजूला सरका.

आता नांगराचं गणित, कारण मांडव्याला फजिती होते ती इथेच. समजा आज भरती-ओहोटीत अडीच मीटरचा फरक आहे. पाणी एकसारखं उतरत नाही. सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे बारातले हिस्से उतरतात. भरती सव्वाआठला, आता साडेदहा, म्हणजे जेमतेम चार हिस्से गेले, आठ अजून जायचे आहेत. अडीचचे बारातले आठ म्हणजे पावणेदोन मीटरला थोडं कमी. तुमच्या बोटीचा तळ पाण्याखाली एक मीटर चाळीस. त्याखाली साठ सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. बेरीज पावणेचार. म्हणजे आत्ता चार मीटर पाणी असेल तिथे नांगर. तीन मीटर बघून ‘भरपूर आहे की’ म्हणणारा जेवून येतो तेव्हा बोट चिखलात कुशीवर झोपलेली असते आणि फेरीतली सगळी जनता फोटो काढत असते.

दोर किती सोडायचा? चार मीटर पाणी, त्यात नाळेची उंची एक मीटर, पाच. त्याच्या पाचपट, पंचवीस मीटर. वारा असेल तर सातपट. नांगर फेकायचा नाही, सोडायचा. बोट मागे सरकू द्या, दोर ताणला की हात ठेवून पाहा. थरथर लागली तर नांगर घसरतोय, दोर निव्वळ ताठ असेल तर धरलाय. मग किनाऱ्यावरची दोन झाडं एकामागे एक धरून ठेवा. दहा मिनिटांनी ती तशीच दिसली तर जेवायला उतरा. एक माणूस बोटीवर राहणारच. पाळी लावा, नाहीतर दरवेळी तोच समजूतदार बिचारा राहतो.

कप्तानाने दारू बॉयला बोट परत बांधल्यावर. बाकीच्यांनी नांगर पडल्यावर एखादी घेतली तर मी बघत नाही.

अडीचला निघायचं. गप्पा रंगतात, कुणीतरी कॉफी मागवतं, तीन वाजतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि तुम्हाला तीन तास हवेत, हे मोठ्याने सांगणारा एक खडूस माणूस प्रत्येक सफरीत लागतो. सफर तुम्ही आखली असेल तर तो खडूस तुम्ही. वारा चढायच्या आधी, नांगर उचलण्यापूर्वीच, मेनला एक रीफ घाला, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा. रीफ काढणं सोपं, उसळत्या बोटीवर घालणं अवघड.

जाळं

बंदराच्या तोंडाशी डोलीची (एका जागी बांधून ठेवलेली) आणि तरंगती जाळी असतात. खुणेला कधी झेंडा, कधी थर्माकोलचा तुकडा, कधी नुसता रिकामा डबा. एका जानेवारीत परतीच्या वाटेवर वारा पडला म्हणून आम्ही इंजिन लावलं. सूर्य डोळ्यांत होता, डबा दिसला नाही. ‘घर्र’ झालं आणि इंजिन बंद. माझ्या हातात चाकू होताच. मी वाकणार एवढ्यात तांडेलाने दंड धरला. ‘तुमचा दोर कापला तर किती? आन् त्याचं जालं कापलं तर किती?’

अर्ध्या तासाने जाळ्याचा मालक होडीतून आला. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने इंजिन बंद असल्याची दोनदा खात्री करून घेतली, कंबरेला दोर बांधून पाण्यात उतरला, चार बुड्या मारून जाळं सोडवलं. हातभर फाटलं होतं. त्याचे पैसे त्याने सांगितले, आम्ही दिले, वर कूलबॉक्समधलं थंड पाणी. त्यानंतर मी त्या भागात इंजिन लावलं की एक माणूस नाळेवर उभा करतो.

तेव्हा पाळायचं एवढंच: अडकलं की इंजिन लगेच बंद, शीड खाली, चाकू खिशात. रेडिओवर सोबतच्या बोटीला सांगा. मालक आला तर त्याच्या म्हणण्याने चाला. कापायचं ते जीवावर आलं तरच, आणि मग भरपाई द्यायची.

रात्रीचा मुक्काम: खांदेरी

चार-पाच मांडवा सफरी नीट झाल्या की रात्रीचा विचार करा. गेटवेहून तेरा-चौदा मैलांवर खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ताफा पाठवून वेढा घातला. त्यांची मोठी जहाजं वाऱ्यासाठी अडून राहत आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवर, अंधारात, त्यांच्यामधून रसद आत नेत. रात्री वारा पडल्यावर तिथे डुलत बसलात की हे पुस्तकाबाहेर कळतं. १९९८ पासून बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. वेताळाचं मंदिर, धातूसारखा वाजणारा दगड, दीपस्तंभ, तोफा, सगळं बघण्यासारखं. उतरता येईल का आणि कुठे, ते मात्र निघण्याआधी अधिकृतपणे विचारून घ्या.

सूर्य असेपर्यंत पोहोचा. खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडक आहेत, अंधारात चाचपडायची ती जागा नव्हे. संध्याकाळच्या वायव्य वाऱ्याला आडोसा म्हणून सगळे बेटाच्या पूर्वेला नांगर टाकतात. संध्याकाळपुरतं ते बरोबरच. पण पहाटे तीन-चारला मतलई सुटतो, पूर्वेकडून. ज्या बेटाच्या आडोशाला तुम्ही झोपलात, त्याच्याच खडकांकडे आता बोट ढकलली जाते. म्हणून नांगर टाकतानाच दोराच्या लांबीएवढी जागा सगळ्या दिशांना मोकळी हवी, आणि दोराचं गणित रात्रीच्या पूर्ण भरतीचं धरायचं, संध्याकाळच्या पाण्याचं नाही.

दोन-दोन तासांचा पहारा लावा. पांढरा नांगरदिवा पेटलेला, फोनवर नांगर घसरल्याची सूचना देणारं ॲप, आणि तरीही डोळे उघडे. पहाऱ्याची पहिली पाळी सगळ्यांना हवी असते, दोन ते चार कुणालाच नको. चिठ्ठ्या टाका. बोटी एकमेकींना बांधून गप्पा माराव्यात असा मोह होतो. वारा पडलेला असेपर्यंत हरकत नाही, झोपण्याआधी मात्र सोडा आणि प्रत्येकीचा नांगर वेगळा.

उजाडताच निघा. मतलई उजव्या कुशीवर घेऊन दहापर्यंत जेवढं उत्तरेकडे जाता येईल तेवढं जायचं. नंतरचं अंतर वाऱ्याशी झगडत काढावं लागतं. याच्या पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला, आणि चाळीसेक मैलांवरचं मुरुड-जंजिरा. तिथे अनुभवी कप्तानाच्या बोटीवर क्रू म्हणून दोनदा गेल्याखेरीज स्वतःची आखणी करू नका.

मे संपताना

पावसाआधी बोटी पाण्याबाहेर येतात. मच्छीमारांची बंदी १ जून ते ३१ जुलै, पण आमचा मोसम त्याच्या आधी संपतो आणि ऑक्टोबरशिवाय नीट सुरू होत नाही. मधले महिने ओळखी पक्क्या करायचे. तळाला चिकटलेले शिंपले खरवडणं हे घाणेरडं काम आहे. ओला असतानाच तळ खरवडा, वाळला की ते सिमेंट होतात. चष्मा आणि मास्क लावा, जुन्या रंगाची धूळ विषारी असते. खरवडून झालं की पॉलिशपेपर, मग तळाचा रंग, दोन हात. शिडं गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, उंदीर पोहोचणार नाहीत अशी टांगा. आम्ही एका वर्षी जमिनीवर ठेवली आणि ऑक्टोबरात जिबमध्ये पिल्लांसकट अख्खा संसार निघाला.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो, कार्यालयात नारळीभात असतो. त्याच दिवशी पुढच्या मोसमाचं कॅलेंडर काढून एकादशीच्या रविवारांवर खुणा करा. वर्षाला दोन-चारच सापडतात, आणि बोटी आधी नाव टाकणाऱ्याला मिळतात. बॉयची साखळी पाणबुड्याकडून तपासून घेतल्याशिवाय बोट तिला बांधू नका.